फरासखाना

पुण्यात ‘फरासखाना’ म्हटलं की पोलीस ठाणं आठवतं. फार तर गणपतीतला बंदोबस्त. या नावाचा पोलिसांशी मुळात काडीचाही संबंध नाही. अरबीतला ‘फर्श’ म्हणजे जमिनीवर अंथरायची वस्तू. ती अंथरणारा तो फर्राश. फारसीच्या वाटेनं मराठीत येता येता त्याचा फरास झाला. याच घराण्यातली ‘फरशी’ आपण रोज पुसतो. पेशव्यांचे डेरे, राहुट्या, कनाती, जाजमं, लोड-तक्के जिथे असत तो त्यांचा फरासखाना.

फरास हा चाकर मोठा मजेशीर. वाड्यात असेपर्यंत तो घरगडी. दिवाणखान्यात बिछायत घालायची, गाद्या झटकायच्या, संध्याकाळी दिवे लावायचे. मोहीम निघाली की हाच माणूस हातात मेखा ठोकायचा मेखचू घेऊन लष्कराबरोबर चालू लागे. आपल्याला घर वेगळं आणि छावणी वेगळी वाटते. सरदाराच्या घराला तशी भिंत नव्हती. स्वारीत घरच उचलून न्यायचं आणि रोज संध्याकाळी नव्या माळावर मांडायचं. त्यामुळे लढाईची चाहूल कारभाऱ्यांच्या खालोखाल लागत असेल तर ती फरासांना, असं मला वाटतं. खलबतं बंद दाराआड होतात, पण डेरे उन्हात घालून त्यांचे तणावे तपासायला लागले की आणखी काय सांगायला हवं? मुहूर्त साधायचा तर धनी आधी गावाबाहेर डेरेदाखल होई, फौज मागाहून जमली तरी चाले. म्हणजे मोहिमेची पहिली मेख ठोकायची ती फरासानंच.

हा थाट मुघलांचा. अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त फरासखान्याला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. त्या ग्रंथातले आकडे वाचताना छाती दडपते. बादशहाच्या एका मुक्कामाचं सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे. उभारायला इराणी, तुराणी आणि हिंदुस्थानी असे १००० फरास. मोठी बारगाह, म्हणजे दरबाराचा डेरा, उभी करायला तेवढ्या माणसांना आठवडा लागे. असे सरंजाम दोन असत. बादशहा एकात झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना झालेला असे.

असल्या डेऱ्याचा जीव मात्र दोरीत. १६८९ साली तुळापूरच्या छावणीत संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण यांनी औरंगजेबाच्या डेऱ्याचे तणावे तोडून सोन्याचे कळस नेल्याचं सांगतात. ही कथा आपण शौर्याची म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो डेरा पुन्हा ताणून उभा करणाऱ्या फरासांचाही मला विचार येतो.

शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांच्या याद्यांमध्ये फरासखाना आहे. पीलखाना, आबदारखाना, शरबतखाना, जामदारखाना ही त्याची भावंडं. राज्याभिषेकानंतर ‘राज्यव्यवहारकोश’ झाला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. चाकरांच्या तोंडातला फरास मात्र फरासच राहिला. महाराजांच्या लष्कराला एवढा पसारा परवडणाराही नव्हता आणि मानवणाराही नव्हता. फौजेत बटीक, कुणबीण, कलावंतीण नेऊ नये, असा त्यांचा दंडक सभासदानं नोंदवला आहे.

पुढे दंडक सैल झाला. मार्च १७६० मध्ये पटदूरहून भाऊसाहेब पेशवे पानिपतच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा लष्कराबरोबर बायकामुलं, यात्रेकरू आणि चाकरमाणसं होती. या स्वारीतल्या रेशमी अस्तराच्या उंच डेऱ्यांचं आणि त्यांवरच्या सोनेरी कळसांचं वर्णन ग्रँट डफनं केलं आहे. ज्या कळसांवर संताजींनी घाव घातला, तेच सत्तर वर्षांनी आपल्या डेऱ्यांवर चढले होते. पानिपताचं खापर एकट्या फरासखान्यावर फोडणं अन्यायाचं होईल. पण दाणावैरण संपत आलेल्या छावणीत, मेख आणि मेखचू एवढंच हत्यार जाणणारी तोंडंही खात होती, हे विसरता येत नाही.

१८१७ सालची गोष्ट याहून जवळची. ऑक्टोबरातला दसरा दुसऱ्या बाजीरावानं थाटात साजरा केला. फौजा जमल्या होत्या, घोडेस्वार अंगावर यावेत तसे दौडत आले, आणि तिथे हजर असलेल्या इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनला पेशव्याची उपेक्षा जाणवली. १ नोव्हेंबरला इंग्रजांची पलटण गारपिरावरून खडकीला हलली. ५ नोव्हेंबरला लढाई जुंपली. बापू गोखले रणात, श्रीमंत पर्वतीवर. लढाई पाहायला टेकडीवर बसायचं तरी बैठक कुणीतरी अंथरलेली असणारच. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पुढच्या जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांचं पेन्शन घेऊन ब्रह्मावर्ताला गेला. त्याच्या मागे चाकरांचा तांडाही गेला.

जागा आणि नावं पुण्यात राहिली. पागेच्या जागी मुलींची शाळा आली, तिला लोक आजही हुजूरपागाच म्हणतात. अठरा कारखान्यांचा हिशेब ठेवणारे कारखानीस आडनावापुरते उरले, शेजारी जामदार आणि चोपदार. ‘कारखाना’ शब्दाला तर धुरांडं फुटलं. घरच्या नोकरवर्गाला शागीर्दपेशा म्हणत. त्यातला पेशा गळाला आणि शागीर्द तालमीत वस्तादापुढे, नाहीतर तंबोऱ्यामागे जाऊन बसला. फरासाला अशी बढती मिळाली नाही. त्याच्या खान्यात पोलीस आले.

भाद्रपदात त्या भागातून रात्री उशिरा चाललं तर मांडववाले दिसतात. टेम्पोतून जाजमांच्या गुंडाळ्या खाली पडत असतात. एक पोरगा बांबूवर चढून कापड ताणतो, आणि खालचा ओरडतो, “दोरी सोडू नको रे!”