एका फाईलीत मावलेला बालाघाट

लातूर, औसा, निलंगा, किल्लारी आणि आमचं अहमदपूर ही सगळी एन१८ई०७६ नावाच्या एका फाईलीत मावतात. चौकोनाचा खालचा डावा कोपरा १८ उत्तर अक्षांश आणि ७६ पूर्व रेखांशावर येतो, म्हणून हे नाव. आत चित्र नाही, नुसते आकडे. एका ओळीत ३,६०१, अशा ३,६०१ ओळी. प्रत्येक आकडा म्हणजे त्या ठिकाणची समुद्रसपाटीपासूनची उंची, पूर्ण मीटरमध्ये. सगळा मिळून पंचवीसेक एमबीचा मामला. नांदेड शहर हवं असेल तर एन१९ई०७७ घ्यावी लागते, उदगीर आणि कंधार एन१८ई०७७ मध्ये सापडतात. या आकड्यांवर ब्लेंडरसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ऊन-सावली टाकतं आणि पडद्यावर बालाघाटाची डोंगररांग उभी राहते. मी भूगोलाचा निवृत्त मास्तर. पोरं विचारतात, "सर, सुरुवात कुठून करू?" मी सांगतो, १८१५ पासून कर.

त्या वर्षी भारताची मोजणी करणाऱ्या इंग्रज अधिकारी विल्यम लॅम्बटननं बिदरच्या बाजूला दामरगिड्ड्याजवळ आधाररेषा, म्हणजे त्रिकोणांची मापं जिच्यावर टेकतात ती जमिनीवरची रेषा, मोजली. देगलूरपासून दक्षिणेला पन्नास-साठ किलोमीटरवरची ही जागा. मद्रासकडून निघालेली त्याची त्रिकोणांची साखळी ७८ रेखांशाच्या अंगानं उत्तरेला सरकत होती, म्हणजे आपल्या किनवटच्या बाजूनं. कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं. ते टेकडीवर चढवायचं आणि लांबच्या दुसऱ्या टेकडीवरचा झेंडा किंवा दिवा हेरून कोन घ्यायचा. चढवणारे खांदे कुणाचे, हे नकाशाच्या कोपऱ्यात कुणी लिहीत नाही. लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. बिदरची आधाररेषा पुढं १८४१ मध्ये त्याच मोजणीतल्या अँड्र्यू वॉनं नव्यानं मोजली. मुलूख निजामाचा, मोजणी ईस्ट इंडिया कंपनीची; इथल्या माणसाला त्यातलं काही बघायला मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

मी शिकवायला लागलो तेव्हाही परिस्थिती फार वेगळी नव्हती. शाळेत स्थलनिर्देशक नकाशाची घडीवर फाटत आलेली एखादी प्रत असायची. तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून समोच्च रेषा गिरवायच्या, एकेका रेषेच्या मापाचा पुठ्ठा कापायचा, पुठ्ठ्यावर पुठ्ठा डकवायचा, वरून कागदाचा लगदा थापायचा. वाळल्यावर गेरू आणि हिरवा पोस्टर कलर. प्रदर्शनाला न्यायच्या आतच त्याला भेगा पडायच्या. पण एक गोष्ट पोरांच्या बोटांना कळायची: रेषा जवळजवळ आल्या की चढ, लांब गेल्या की माळ. माऊसनं हे कळायला जास्त वेळ लागतो, असं माझं मत आहे.

मग आलं २००० साल. ११ फेब्रुवारीला एंडेव्हर हे अंतराळयान सहा जणांना घेऊन निघालं. एक रडार यानात आणि दुसरी अँटेना ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला. एकच जागा दोन ठिकाणांहून बघायची आणि फरकावरून उंची काढायची, हा लॅम्बटनच्याच जातीचा हिशेब. अकरा दिवसांत जगातली ८० टक्के जमीन मोजून झाली. अमेरिकेबाहेरच्या भागाची माहिती आधी ९० मीटरच्या जाळीवर खुली झाली. ३० मीटरची २०१४ पासून टप्प्याटप्प्यानं आली; आपली एन१८ई०७६ त्यातलीच. इकडं भारत सरकारनं २००५ मध्ये नकाशा धोरण आणलं, आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे आणि भूमाहिती यांवरचे बरेचसे निर्बंध उठवले. तोवर आमची पोरं परदेशी यानानं मोजलेला बालाघाट उतरवून घेत होती.

या आकड्यांवरून चित्र काढायच्या अवजारांची गोष्ट त्याआधी सुरू होते. १९८० मध्ये लॉरेन कार्पेंटरनं मँडेलब्रॉट या गणितज्ञाच्या फ्रॅक्टल (तोच आकार लहान होत पुन्हा पुन्हा येणाऱ्या) गणितावरून डोंगरांवरून उडत जाणारी छोटी फिल्म करून दाखवली. पुढं पोव्ह-रे आलं, मॅट फेअरक्लोचं टेराजेन आलं. टेराजेन घरगुती वापराला फुकट, पण त्याचं अंतरंग बंद. ब्लेंडरची कहाणी मला जास्त आवडते. ब्लेंडरची कंपनी बुडाली तेव्हा त्याचा कर्ता टॉन रोझेंदाल यानं लोकांकडून एक लाख युरो वर्गणी गोळा केली आणि ऑक्टोबर २००२ मध्ये अख्खं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोकळं केलं. गणपतीची वर्गणी काढणाऱ्या आपल्या गावांना हे वेगळं समजावून सांगायला नको. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअरही २००२ मधलंच.

आमच्याकडं ही अवजारं मासिकाबरोबरच्या सीडीतून आणि कॅफेतून पेन ड्राइव्हवर आली. भारनियमनाचे दिवस होते. एकेका चित्राला संगणक रात्रभर घरघरायचा आणि पहाटे वीज गेली की सगळं मुसळ केरात.

आणि चित्र निघायचं ते स्वित्झर्लंडचं! फ्रॅक्टल डोंगराला सुळके आवडतात. डोक्यावर बर्फ, पायथ्याशी निळं तळं, हे सगळं आयतं मिळतं. आपला दख्खनचा डोंगर तसा नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून तो झालाय. माथा सपाट, कडेला पायऱ्या. खरी उंची टाकली तर नांदेड साडेतीनशे मीटरच्या आसपास आणि लातूर सहाशेच्या वर, पण मध्ये शंभरावर किलोमीटरचं अंतर. पडद्यावर दिसते ती जवळजवळ भाकरी. मग पोरं उंची पाचपट, दहापट करतात आणि मुखेडचा हिमालय होतो. तिपटीच्या पुढं जाऊ नये, आणि जे केलं ते चित्राखाली लिहावं. रंगही आयता घेऊ नये. ज्येष्ठात काळ्या रानाचा, मुरमाड बरडाचा आणि वाळल्या गवताचा रंग वेगवेगळा असतो; भाद्रपदात सोयाबीननं सगळं एकसारखं हिरवं होतं. नांदेडच्या विष्णुपुरी धरणाचं पाणी तिथल्या फाईलीत सपाट ताटासारखं दिसतं, कारण पाण्यावरून रडारला नीट उत्तर मिळत नाही आणि तिथली उंची मागाहून सारखी केलेली असते.

ही फाईल काय सांगत नाही, ते मात्र किल्लारीला जाऊन समजून घ्यावं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, हजारो माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. जमिनीवर भूकंपाची जी खूण उमटली ती जेमतेम किलोमीटरभर, तुटक, आणि उंचीला मीटरच्या आतली. फाईल पूर्ण मीटरात बोलते, शिवाय तिची चूकच काही मीटरांची. त्यामुळे कितीही ताकदीचा संगणक लावा, आमच्या हयातीतली मराठवाड्याच्या भूगोलातली सर्वांत मोठी घटना त्या चित्रात येत नाही. यान उडालं तोवर पुनर्वसनही बरंचसं उरकलं होतं. ५२ गावं जुनी जागा सोडून दुसरीकडं वसली होती.

म्हणून नव्यानं शिकणाऱ्यांना माझी विनंती आहे. परदेशातली शिखरं काढत बसू नका. एन१८ई०७६ उतरवून घ्या, तेरणेचं खोरं कापून काढा. मग किल्लारी, सास्तूर भागातल्या कुणाकडं जुन्या गावठाणाचा नकाशा किंवा घरांचा कच्चा आराखडा असेल तर तो स्कॅन करा. देऊळ, विहीर, वेस, नदीचं वळण अशा चार-पाच ठाऊक जागा क्यूजीआयएसमध्ये जुळवल्या की तो आराखडा जमिनीवर बरोबर बसतो. पुढचं काम ब्लेंडरचं. त्या गल्ल्या पाठ असलेली माणसं आता सत्तरीत आहेत. हे काम याच वर्षी करा.