अप्परमधली फोनवरची शाळा

बिबवेवाडीत 'अप्पर' एवढं म्हटलं की पत्ता सांगून होतो. अप्पर इंदिरानगर, सुपर, लोअर अशी ही चढावरची वस्ती, आणि खाली गुलटेकडीचं मार्केट यार्ड. नाना-भवानी पेठेतला भुसार बाजार इकडे हलला, तेव्हापासून या भागात हमालांची, टेम्पोवाल्यांची, सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बायांची घरं पुष्कळ. या घरांतली मुलं माझ्या वर्गात येतात. महापालिकेच्या मराठी शाळेत मी पहिली-दुसरी शिकवते.

कोविडमुळे शाळा बंद होत्या त्या काळाबद्दल कुणी लिहिलं की अ‍ॅपची नावं येतात, शासन निर्णयांच्या तारखा येतात. त्या याव्यातच. पण अप्परमध्ये शिक्षण टिकलं ते आयांमुळे, मोठ्या बहिणींमुळे, कधी शेजारच्या अकरावीतल्या दादामुळे. त्या माणसांना हाताशी धरणं हेच आमचं पहिलं काम होतं, आणि ते कुठल्याच अहवालाच्या रकान्यात बसत नव्हतं.

घरी बसून शिकण्याची गोष्ट पुण्याला नवी नव्हती. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, वर्षभरात सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून ते पुण्यात दिसू लागलं. पुढे उपग्रहावरून शालेय कार्यक्रम दाखवायचे म्हणून देशातल्या सहा राज्यांत शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या संस्था निघाल्या. महाराष्ट्राची संस्था पुण्यात, सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीच्या शेजारी 1984 मध्ये उभी राहिली. तीच बालचित्रवाणी. माझ्या वयाच्या कुणालाही हे नाव उच्चारून बघा, ती व्यक्ती तिची धून गुणगुणायला लागेल. पाठ्यपुस्तकातला धडा, विज्ञानाचा प्रयोग, गोष्ट, बाहुल्या असं सगळं मराठीत, मुलांच्या भाषेत, पडद्यावर यायचं. ज्या घरात पुस्तक वाचून दाखवणारं कुणी नाही, त्या घरातही ते पोचायचं, कारण ऐकायला अक्षरओळख लागत नाही.

ही संस्था 2017 च्या मे महिन्यात बंद करण्यात आली. पैसा नाही, आता इंटरनेट आलंय, अशी कारणं तेव्हा ऐकली. मला तो निर्णय तेव्हाही चुकीचा वाटला होता. तीन वर्षांनी अप्परच्या गल्ल्यांमध्ये उभी राहिले तेव्हा त्याची किंमत कळली. इथं मोठा फोन प्रत्येक घरात नव्हता. असला तरी तो बापाचा असायचा आणि बापाबरोबर कामावर जायचा. टीव्ही मात्र पत्र्याच्या खोलीतही होता.

मार्च 2020 च्या मध्याला शाळा बंद झाल्या. एप्रिलमध्ये मार्केट यार्डचे व्यवहार थांबले आणि हमालीचा रोजचा पैसा आटला. काही कुटुंबांनी मिळेल त्या वाहनानं गाव गाठलं. पटावरची मुलं कुठे आहेत हे शोधणं हाच आमचा पहिला अभ्यास. दाखल्यावरचा नंबर लागला नाही तर शेजारणीचा, नाहीतर मामाचा, नाहीतर गल्लीतल्या किराणा दुकानदाराचा. फोन लागला की पुस्तकाचं नाव काढण्याआधी 'जेवणाचं काय चाललंय?' हे विचारावं लागे. तो प्रश्न टाळून अभ्यासाकडे वळणं शक्य नव्हतं आणि बरंही नव्हतं.

तोवर राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेची 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही अभ्यासमाला रोज व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागली होती. 20 जुलैला सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, तेव्हा पुण्यात दुसरी कडक टाळेबंदी चालू होती. एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशननं ती मालिका केली होती: पहिली ते आठवी, प्रत्येक इयत्तेला साठ, म्हणजे 480 भाग. त्यात फळ्यासमोर उभं राहून कुणी शिकवत नव्हतं. मुलं घरात, अंगणात काहीतरी करून बघत आणि त्यातून धडा उलगडत जाई. तिच्या वेळा मी रोज सकाळी ग्रुपवर टाकायची, आणि ज्यांच्याकडे साधा डबा फोन होता त्यांना फोन करून सांगायची. बालचित्रवाणी चालू असती तर हे काम जुलैची वाट न बघता एप्रिलमध्येच सुरू झालं असतं, असं माझं ठाम मत आहे.

'टिलीमिली' सुरू झालं त्याच आठवड्यात ऑनलाइन तासांचं वेळापत्रक देणारा शासन निर्णय आला. पहिली-दुसरीला अर्ध्या अर्ध्या तासाची दोन सत्रं, आणि त्यातली पंधरा मिनिटं पालकांशी बोलायला. ती पंधरा मिनिटं ज्यांनी कुणी लिहिली त्यांना लहान मुलं कळत होती. सहा वर्षांचं पोर पडद्याकडे बघत बसत नाही. आई शेजारी बसली तर बसतं. पण वेळापत्रक सकाळचं होतं आणि आमचा फोन रात्री घरी यायचा. म्हणून वर्ग रात्री आठनंतर. जेवणं उरकलेली, फोन चार्जिंगला लावलेला, त्याच्याभोवती दोन-तीन भावंडं.

नंतर नंतर मी व्हिडिओचा नादच सोडला. नेटपॅक संपतो, चित्र अडकतं. शिवाय मी लिहून पाठवलेल्या सूचना काही आयांना वाचता येत नव्हत्या, आणि तसं सांगायला त्यांना संकोच वाटायचा. मग मी बोलूनच पाठवू लागले. 'ताई, माइकचं चित्र दाबून धरा, पोराला बोलू द्या, मग सोडा.' उत्तरं येऊ लागली. एक मुलगी 'क का कि की' म्हणतेय, मागे कुकरची शिट्टी, मध्येच आजी ओरडतेय, 'अगं सावकाश म्हण, बाईंना ऐकू आलं पाहिजे.' वह्यांचे फोटो यायचे ते बहुधा उलटे, फोन धरणाऱ्या हाताची सावली नेमकी अक्षरांवर. कडेला गॅसची टाकी, घड्या घातलेल्या गोधड्या. त्या फोटोवरच बोटानं लाल रंगात 'म' गिरवून मी परत पाठवायची. मुलगी तसा 'म' काढायची आणि पुन्हा फोटो. एकेका अक्षराला संध्याकाळ जायची. धुणीभांडी करून थकून आलेली तिची आई तेवढा वेळ फोन धरून बसायची. शाळेत तिचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंतच झालं होतं. 'मॅडम, तिच्याबरोबर माझंपण वळणदार झालं' असं ती एकदा म्हणाली, तेव्हा माझ्या घशात आवंढा आला.

सगळ्यात उपयोगी पडला तो तांदळाचा दिवस. शाळेतली खिचडी बंद झाली होती, तिच्याऐवजी मुलांच्या नावानं तांदूळ आणि डाळी-कडधान्याचा कोरडा शिधा मिळायचा. तो न्यायला पालक फाटकाशी अंतर राखून रांगेत उभे राहत. आम्ही सांगून ठेवलं, येताना वही आणा. एका टेबलावर वजनकाटा, दुसऱ्या टेबलावर मी वह्या तपासायला. बालभारतीची पुस्तकं तिथंच वाटली, पुढच्या पंधरवड्याच्या सरावाचे झेरॉक्स कागदही तिथंच दिले. ज्या वडलांनी शाळेची पायरी कधी चढली नव्हती, ते तिथं खांद्यावर पिशवी घेऊन 'वजाबाकी कशी शिकवायची, हातच्याची?' असं विचारत होते. दुपारी आमच्यातल्या काहींना कोविडच्या सर्वेक्षणाला घरोघर फिरावं लागे. तिथंही ऑक्सिमीटर बोटाला लावता लावता पोराला पाढा विचारला जायचा.

जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलांनी पहिलीचा वर्ग पाहिलाच नाही. पुण्यात पहिलीपासूनचे वर्ग उघडले ते 16 डिसेंबर 2021 ला. तोवर ती दुसरीत होती. जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या, फेब्रुवारीत अर्ध्या वेळेच्या सुरू झाल्या. बाकावर किती वेळ बसायचं, डबा कधी उघडायचा, लघवीला विचारून जायचं, हे सगळं सात-आठ वर्षांच्या मुलांना शिकवलं. त्याआधी जुलै 2021 मध्ये सुरू झालेला पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम होऊन गेला होता. तो दुसरी ते दहावीच्या मुलांसाठी, मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायला होता. ज्यांनी मागची इयत्ता अनुभवलीच नाही, त्यांना पंचेचाळीस दिवस फार अपुरे होते. ज्यांच्या घरी कुणी रोज शेजारी बसलं, ती मुलं जोडाक्षरांपर्यंत आली होती. ज्यांच्या घरी तशी सोय नव्हती, त्यांची बाराखडी नव्यानं सुरू केली, आणि त्यात त्या मुलांचा काही दोष नव्हता.

हीच मुलं 2024 च्या जूनमध्ये पाचवीत गेली. राज्यात पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा त्याच्या आदल्या वर्षापासून पुन्हा सुरू झाली होती, नापास झालं तर त्याच वर्गात थांबवण्याची तरतूद घेऊन. ज्या वर्षी अक्षरं गिरवायची ते वर्ष फोनवर गेलं, आणि पास-नापासाला सामोरं जायची वेळ आली ती त्यांच्यावरच. अप्परमधल्या त्या आया तेव्हा पुन्हा फोन करू लागल्या. आम्ही पाचवीच्या शिक्षकांना प्रत्येक मुलाचं 2020-21 मधलं टिपण दिलं: फोन कुणाचा होता, शेजारी कोण बसायचं, कुठल्या अक्षराशी गाडी अडली होती. परीक्षेच्या आधीचे जादा तास त्या टिपणांवरून लावले, आणि पालकांना सोयीचं म्हणून संध्याकाळी कामावरून परतल्यानंतरची वेळ ठेवली.