ध्रुवीय मरुभूमी
ध्रुवीय मरुभूमी : सर्वांत उष्ण महिन्याचे सरासरी तापमान 10° से.पेक्षा व वार्षिक वर्षण 250 मिमी.पेक्षा कमी असलेला ध्रुवीय प्रदेश (⟶ अंटार्क्टिका, मरुभूमी).

रॉबर्ट स्कॉट यांच्या मोहिमेस 1903 मध्ये अंटार्क्टिकात आढळलेल्या मॅकमर्डो शुष्क दऱ्या हे तिचे आत्यंतिक रूप होय. पर्वतरांगेने हिमस्तराचा ओघ अडविल्यामुळे, आणि पठारावरून उतरताना तापणाऱ्या कोरड्या वाऱ्यांनी तेथील विरळ हिम बहुतांशी न वितळताच बाष्परूप होत असल्यामुळे, हा मुलूख उघडा राहिला आहे. तेथील वर्षभराचे वर्षण पाण्याच्या हिशेबी 100 मिमी.हून कमी भरते. बीदर जिल्ह्यातील कमलनगरच्या काळ्या रानांत सरासरीने एकट्या जुलैत याहून अधिक पाऊस पडतो. वाळूच्या माऱ्याने पैलू पडलेले दगड, बहुकोनी भेगांची गोठलेली भूमी व क्षारयुक्त सरोवरे ही भूरूपे विशेष लक्षणीय. सुमारे 32 किमी. लांबीची ऑनिक्स नदी उन्हाळ्यात काही आठवडेच, तीही समुद्राकडे नव्हे तर अंतर्भागातील व्हँडा सरोवराकडे वाहते. सच्छिद्र वालुकाश्माच्या पृष्ठाखाली सूक्ष्मजीव तग धरून असल्याने मंगळाच्या अभ्यासात या दऱ्यांचे मोल मोठे आहे.

गोव्याहून 1981 मध्ये निघालेल्या पहिल्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेनंतर शिर्माकर या हिममुक्त टापूत ‘मैत्री’ स्थानक उभे राहिले. त्याचा कारभार वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे (⟶ मैत्री).