‘द सिटाडेल’चें श्रेय

एखाद्या कायद्याचें जनकत्व कादंबरीस द्यावें कीं नाहीं, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास नेहमींच अडचणींत टाकतो. लेखकाचे चाहते सारें श्रेय त्यास देऊन मोकळे होतात. दप्तरांत बुडालेले पंडित कांहींच देत नाहींत. ए. जे. क्रोनिन या स्कॉटिश लेखकाची ‘द सिटाडेल’ ही कादंबरी १९३७ सालच्या जुलै महिन्यांत लंडनच्या व्हिक्टर गोलान्झ यांनीं प्रसिद्ध केली, आणि पुढें अकरा वर्षांनीं, ५ जुलै १९४८ रोजीं, ब्रिटनमध्यें राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. या दोन घटनांची सांगड घालून कादंबरीनेंच ती सेवा घडविली असें म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आम्हांस तें अर्धेंच खरें वाटतें. आणि उरलेलें अर्धें अधिक विचार करण्यासारखें आहे.

क्रोनिन हा स्वतः डॉक्टर. १९१९ सालीं ग्लासगो विद्यापीठाची पदवी घेऊन तो दक्षिण वेल्समधील कोळशाच्या खाणींच्या मुलुखांत गेला, आणि ट्रेडेगार या गांवीं त्यानें चाकरी केली. १९२४ सालीं तो खाणींचा वैद्यकीय निरीक्षक झाला व खाणींतील धुळीचा फुप्फुसांवर काय परिणाम होतो याचा त्यानें अभ्यास केला. पुढें लंडन, श्रीमंत रोगी आणि भरपूर पैसा. पोटांतील व्रणामुळें १९३० सालीं त्यास सक्तीची विश्रांति घ्यावी लागली, तेव्हां तो लेखणीकडे वळला.

कादंबरीचा नायक अँड्र्यू मॅन्सन याच वाटेनें जातो. आरंभीं तो अंथरुणास खिळलेल्या एका डॉक्टरच्या हाताखालीं राबतो, आणि पैसा डॉक्टरची बायको घेते. गांवांत विषमज्वराची सांथ येते. तिचें मूळ गळक्या गटारांत आहे हें ठाऊक असूनहि अधिकारी हालत नाहींत. तेव्हां मॅन्सन व त्याचा मित्र डेनी हे दोघे तें गटारच सुरुंगानें उडवून देतात! हा प्रसंग वाचतांना आनंद न होणारा वाचक विरळा. परंतु पुस्तकाचें खरें मर्म उत्तरार्धांत आहे. लंडनमध्यें मॅन्सनला पैशाची चटक लागते; आणि ज्या शस्त्रवैद्याच्या हातीं तो एका गरीब रोग्यास विश्वासानें सोंपवितो, त्याच्या अडाणीपणामुळें तो रोगी मेजावरच मरतो. आम्हांस कादंबरींतील हें पान सर्वांत कठोर वाटतें, कारण येथें दुष्ट कोणी परका नाहीं, नायकच आहे.

त्या काळची व्यवस्था ध्यानांत घेतल्याविना या रागाची धग कळणार नाहीं. १९११ च्या विमा कायद्यानें कामगारास डॉक्टर मिळाला, पण त्याच्या बायकामुलांस मिळाला नाहीं. डॉक्टर आपला व्यवसाय दुकानाप्रमाणें विकत घेत व विकत. मग घातलेलें भांडवल वसूल करण्यासाठीं औषधाच्या बाटल्या भरणें ओघानेंच आलें. ही खरेदीविक्री १९४६ च्या कायद्यानें बंद झाली.

आतां उरलेलें अर्धें. ट्रेडेगार येथें खाणकामगारांनीं स्वतःची वैद्यकीय साहाय्य संस्था चालविली होती. मजुरीच्या पौंडामागें ३ पेन्स, म्हणजे मिळकतीचा ऐंशीवा भाग, द्यावयाचा आणि साऱ्या कुटुंबानें उपचार घ्यावयाचे. आरोग्यसेवेचा शिल्पकार अन्युरिन बेव्हन याच गांवचा, खाणींत राबलेला, आणि या संस्थेच्या रुग्णालय-समितीवर काम केलेला. त्यास आराखडा कादंबरींत शोधण्याचें कारण नव्हतें. तो त्याच्या घरच्या अंगणांत होता. उलट क्रोनिननें याच नमुन्याच्या संस्थेचें चित्र कादंबरींत फारसें उदारपणें रंगविलेलें नाहीं. तेथील मुख्य डॉक्टर साहाय्यकांच्या वेतनांतून आपला वांटा काढतो. मॅन्सन धुळीच्या रोगावर संशोधन करूं लागतो, तर परवान्याशिवाय प्राण्यांवर प्रयोग केल्याबद्दल समितीपुढें त्याची चौकशी होते, आणि अखेर तो राजीनामा देतो. कामगारांच्या हातीं सत्ता आली म्हणजे ज्ञानाची कदर होतेच असें नाहीं, ही लेखकाची तक्रार. ती निराधार होती असें आम्ही म्हणणार नाहीं. पण ज्या संस्थेनें त्यास पोसलें तिच्याविषयीं तो थोडा कृतघ्न झाला, एवढें म्हणणें भाग आहे.

शिवाय मॅन्सनचा अखेरचा मनोरथ काय? सरकारी सेवा नव्हे. डेनी आणि होप या दोन मित्रांसह एका लहान गांवीं तिघांनीं मिळून व्यवसाय करावा, प्रत्येकानें आपलें अंग सांभाळावें, इतकेंच.

मग पुस्तकाचें श्रेय तें कोणतें? १९४८ च्या आरंभीं ब्रिटिश वैद्यक संघाच्या सभासदांनीं बेव्हनच्या योजनेविरुद्ध प्रचंड बहुमतानें कौल दिला. त्या वेळीं डॉक्टर म्हणतात तेंच रोग्याचें हित, असें मानण्यास लोक तयार नव्हते. दहा वर्षांपूर्वीं लक्षावधि घरांत ही कादंबरी वाचली गेली होती, १९३८ सालीं किंग व्हायडरनें तिचा बोलपटहि काढला होता. आणि डॉक्टरच्या तोंडूनच डॉक्टरांचें वाभाडें निघालेलें लोकांनीं ऐकलें होतें. क्रोनिन मात्र हा झगडा पाहण्यास इंग्लंडांत राहिला नव्हता. १९३९ सालींच तो अमेरिकेस निघून गेला होता.