तबकडीच्या एका बाजूत

रॉक संगीतातल्या लांबलचक रचनांची हकीकत बहुधा एकाच चालीवर सांगितली जाते. १९७० च्या आसपास इंग्लंडमधल्या हौशी पोरांना तीन मिनिटांचं गाणं हलकं वाटू लागलं, त्यांनी अभिजात संगीताचा थाट उसना आणला आणि वीस-वीस मिनिटांचे 'स्वीट' (अनेक भागांच्या सलग रचना) रचायला घेतले, अशी ती हकीकत. त्यात तथ्य नाही असं नाही. पण लंडनच्या 'येस' या बँडची १९७२ सालची 'क्लोज टू द एज' ही पावणेएकोणीस मिनिटांची रचना कशी उभी राहिली हे बारकाईनं पाहिलं, तर थाटाचा मुद्दा मागे पडतो. माझ्या मते या रचनेला आकार दिला तो दोन अगदी व्यवहारी गोष्टींनी: तबकडीची एक बाजू आणि टेप कापायचं ब्लेड.

आधी तबकडीचं पाहू. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. आपल्या ख्यालगायकांनी त्या काळात आख्खा राग तेवढ्यात बसवून दाखवला, हे जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीनं एलपी बाजारात आणली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं सुखानं मावू लागली. त्याहून जास्त भरायचं तर खाचा एकमेकींना चिकटतात, आवाज बारीक होतो, खर्ज पातळ पडतो. रॉकवाल्यांनी बरीच वर्षं या बाजूवर पाच-सहा सुटी गाणी भरली. मग १९७१-७२ मध्ये काय झालं बघा. इमर्सन, लेक अँड पामर यांचं 'टार्कस' वीस मिनिटांचं, पिंक फ्लॉइडचं 'एकोज' साडेतेवीस, जेनेसिसचं 'सपर्स रेडी' तेवीसच्या आत. 'जेथ्रो टल'नं एकच गाणं आख्ख्या एलपीभर चालवलं, पण तेही मधोमध तोडून तबकडी उलटायला लावणारं. सिम्फनीचीच नक्कल करायची असती तर चाळीस मिनिटांची रचना का नको? तेरा मिनिटांची का नको? एवढ्या वेगवेगळ्या बँडची मापं इतकी जवळ येतात ती बाजूच्या मापामुळे.

आता ब्लेड. ध्वनिमुद्रण झालं लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत, एडी ऑफर्ड या तंत्रज्ञाच्या हाताखाली. गायक जॉन अँडरसन आणि गिटारवादक स्टीव्ह हाऊ यांच्याजवळ चाली आणि ओळींचे तुकडे होते; पूर्ण संहिता कोणाजवळच नव्हती. थोडा भाग बसवायचा, मनासारखा वाजेपर्यंत पुन्हा पुन्हा मुद्रित करायचा, त्यातला चांगला तुकडा कापून आधीच्या टेपला चिकटपट्टीनं जोडायचा आणि पुढच्या भागाकडे वळायचं, असा क्रम. एकदा हवा असलेला टेपचा तुकडाच कचऱ्यात गेला आणि सगळे डबे धुंडाळत बसले, असं सांगतात. सुरुवातीचे पक्ष्यांचे आणि पाण्याचे आवाज टेपच्या लांब वेटोळ्यावर रचलेले आहेत. मधल्या संथ भागातला पाइप ऑर्गन तर स्टुडिओतला नव्हेच. कीबोर्डवादक रिक वेकमननं तो सेंट जाइल्स क्रिपलगेट या लंडनमधल्या जुन्या चर्चमध्ये वाजवला आणि ते मुद्रण मग रचनेत बसवलं गेलं. ढोलकिया बिल ब्रुफर्डला हे तुकड्यातुकड्यांचं, दर दोन मात्रांवर पंचायत भरवणारं काम इतकं जड गेलं की मुद्रण आटोपताच तो 'किंग क्रिम्सन'मध्ये निघून गेला.

यावर सरळ आक्षेप येतो. ही जर कापाकापी, तर तिला रचना का म्हणायचं? त्याला एक पुरावा स्टुडिओबाहेरचा आहे. ब्रुफर्ड गेल्यावर अ‍ॅलन व्हाइट मोजक्या दिवसांच्या तयारीवर आला आणि जुलै १९७२ अखेरपासून बँड ही रचना रंगमंचावर सलग वाजवू लागला. १९७३ च्या 'येससाँग्ज' या थेट मैफलींच्या संचात ती पूर्ण ऐकायला मिळते आणि कुठेही उसवत नाही. नुसत्या चिकटपट्टीवर उभी असती तर ती तिथे कोसळली असती. दुसरा पुरावा आतला. चार भागांपैकी पहिल्यातली गाण्याची चाल दुसऱ्या भागात परत येते, पण खाली ख्रिस स्क्वायरचा बास आणि ढोल दुसऱ्याच वजनात चालतात, त्यामुळे ओळखीचा स्वर अनोळखी जमिनीवर उभा राहिल्यासारखा वाटतो. तिसऱ्या भागात ढोल जवळजवळ थांबतो. चौथ्यात तीच चाल सर्वांत मोकळी होऊन येते. कापणाऱ्यांना काय परत आणायचं हे पक्कं कळत होतं. अँडरसन त्या काळात सिबेलियसच्या सिम्फनी ऐकत होता हेही खरं. बीजातून वाढत जाणारी रचना कशी असते याचा कान त्याला तिथून मिळाला असणार, पण तो कान वापरला गेला चित्रपटाच्या संकलकासारखा.

शब्दांना अर्थच नाही, हा दुसरा आक्षेप. ओळींचा अन्वय लावायला बसलं तर फारसं हाती लागत नाही, हे कबूल. अँडरसन शब्द पुष्कळदा नादासाठी निवडतो. पण गीतामागे हेरमान हेस्सेची 'सिद्धार्थ' ही १९२२ ची जर्मन कादंबरी आहे, जी इंग्रजी भाषांतरातून साठच्या दशकातल्या तरुणांनी डोक्यावर घेतली होती. (शशी कपूर नायक असलेला तिच्यावरचा चित्रपटही १९७२ चाच.) हेस्सेची आई केरळात तलश्शेरीला जन्मलेली, आजोबा मल्याळम कोशकार गुंडर्ट; म्हणजे लंडनला पोचलेला हा भारत मिशनऱ्याच्या घरातून, मग जर्मन कादंबरीतून गाळून आलेला. हाऊची 'सतार'ही तशीच: सतारीसारखी झणझणणारी विजेची गिटार. त्याला वरवरचं म्हणायला हरकत नाही. तरी कादंबरीतला सिद्धार्थ शेवटी नदीकाठी बसून तिचे सगळे आवाज एकाच वेळी ऐकायला शिकतो, आणि रचनाही पाण्यापासून निघून पाण्याशीच पोचते. अर्थ शोधायचा तर या घडणीत शोधावा. शब्द तिथवर नेऊन सोडतात.

ब्लेडचं महत्त्व मी फुगवून सांगतोय असं कोणी म्हणेल, तर त्याच बँडची पुढची स्टुडिओ-एलपी पाहावी. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून अँडरसनला चार प्रकारच्या शास्त्रांची कल्पना सुचली आणि १९७३ मध्ये 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' ही जोड-एलपी निघाली. चार बाजू, चार रचना. वादक ढोलकिया वगळता तेच. पण या वेळी बाजू आधी ठरल्या आणि त्या भरायच्या म्हणून संगीत ताणलं गेलं. वेकमनची तक्रार हीच होती: एका तबकडीला जास्त आणि दोन तबकड्यांना कमी पडेल एवढाच ऐवज होता, मग भर घालावी लागली. १९७४ मध्ये त्यानं बँड सोडला.