घेतलेला नमुना, दिलेला नमुना

‘नमुना’ हा शब्द विज्ञान शिकवताना आपण वरचेवर वापरतो. मातीचा नमुना, विहिरीच्या पाण्याचा नमुना, तसाच रक्ताचा किंवा गाठीचा नमुना. यांत एक मोठा फरक आहे. माती उचलताना तिला विचारावे लागत नाही. माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा मात्र कोणाचा तरी असतो. कर्करोगाविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातील बराच भाग अशा तुकड्यांच्या अभ्यासातून आला आहे. ते कोणी दिले, की न विचारता घेतले गेले, हा इतिहास पाठ्यपुस्तकात सहसा नसतो. त्याचा एक धागा पुण्यातून निघतो. तेथूनच सुरुवात करू या.

पुणे, मुंबई, बॉल्टिमोर

डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. हुजूरपागा, फर्ग्युसन आणि शेतकी महाविद्यालय असे त्यांचे शिक्षण पुण्यातच झाले. एम.एस्सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला होता. कर्करोगाच्या पेशींकडे त्या वळल्या मुंबईत आल्यावर. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते आणि विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख होते. १९४९ मध्ये रणदिवेबाईंना मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर खानोलकरांच्या प्रोत्साहनाने त्या अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकण्यास गेल्या. बॉल्टिमोर शहरातील ही प्रयोगशाळा जॉर्ज गाय या शास्त्रज्ञाची होती.

ऊतिसंवर्धन म्हणजे शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या भांड्यात, योग्य तापमानाला आणि योग्य पोषक द्रवात जिवंत ठेवणे व वाढवणे. ऐकायला हे सोपे वाटते. पण माणसाच्या पेशी अशा वाढवण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे फसत होते. पेशी काही काळ जगत आणि मग मरून जात. १९५१ साली गाय यांच्या प्रयोगशाळेत प्रथमच मानवी पेशी न थांबता वाढू लागल्या. सुमारे चोवीस तासांत त्यांची संख्या दुप्पट होई. या पेशींना ‘हेला’ असे नाव मिळाले.

हे नाव एका बाईच्या नावातील पहिल्या अक्षरांवरून आले होते. हेन्रिएटा लॅक्स ही पाच मुलांची कृष्णवर्णीय आई गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार घेण्यासाठी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आली होती. उपचार करताना तिच्या गाठीचा एक तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला गेला. तिला कोणी विचारले नाही. त्या काळी विचारण्याची पद्धतच नव्हती. ऑक्टोबर १९५१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ती वारली. तिच्या पेशी जगभर गेल्या. पोलिओच्या लशीच्या चाचण्यांत त्यांचा उपयोग झाला. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या विषाणूंमुळे होतो त्यांपैकी एक या पेशींत सापडला. घरच्यांना याची माहिती मिळाली ती वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. त्या पेशींच्या जोरावर नफा कमावणाऱ्या एका कंपनीशी कुटुंबाची तडजोड झाली ती २०२३ साली.

रणदिवेबाई भारतात परतल्या आणि मुंबईच्या ‘इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर’मध्ये त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ती भारतातील अशी पहिली प्रयोगशाळा मानली जाते. पेशींचे पोषक द्रव येथेच तयार करण्याची व्यवस्था त्यांनी बसवली. १९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पुण्यात पुढे, १९८६ साली, प्राणिपेशींच्या संवर्धनासाठी राष्ट्रीय सुविधा केंद्र स्थापन झाले. तेच आज गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात असलेले राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र. देशभरच्या प्रयोगशाळांना तेथून पेशी पुरवल्या जातात.

पारशी स्त्रियांचे दूध

गाठ शस्त्रक्रियेत हाती येते. रुग्णाला नकळतही ती प्रयोगशाळेत जाऊ शकते. पण काही नमुने असे असतात की ते माणसाने स्वतः दिल्याशिवाय मिळतच नाहीत. आईचे दूध हा असा एक नमुना.

उंदरांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा एक विषाणू आईच्या दुधातून पिलांकडे जातो, हे माहीत झाले होते. माणसातही असे काही घडते का? मुंबईच्या पारशी समाजात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त आढळत होते. म्हणून मुंबईच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी मिळून पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुने तपासले. मुंबईच्या बाजूने त्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या तज्ज्ञ डॉ. सत्यवती शिरसाट आणि टाटा रुग्णालयाचे डॉ. पेमास्टर होते. १९७१ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण ३९ टक्के पारशी स्त्रियांच्या दुधात दिसले. कुटुंबात हा रोग नसलेल्या अमेरिकन स्त्रियांत हे प्रमाण ५ टक्के होते.

मग विषाणू सापडला का? नाही. असा विषाणू माणसात स्तनाचा कर्करोग घडवतो, हे पुढे सिद्ध झाले नाही. हा रोग काही घराण्यांत का दिसतो, याचे एक उत्तर वेगळ्याच नमुन्यांतून आले. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी अशा २३ कुटुंबांतील माणसांच्या रक्ताचा अभ्यास करून दाखवले की, त्याला कारण असलेले एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये ते जनुक हाती लागले. म्हणून दुधाचे नमुने वाया गेले असे मात्र म्हणता येणार नाही. एखादी शक्यता खरी आहे की नाही हे तपासण्यासाठीसुद्धा कोणी तरी नमुना द्यावाच लागतो.

उरलेल्या तुकड्याचे काय होते?

आता आजच्या काळाकडे येऊ. आमचे खराडी हे मुळा-मुठेच्या काठचे गाव. आता तेथे संगणक कंपन्यांच्या इमारती आणि मोठी वस्ती आहे. समजा, खराडीतील एका बाईंच्या स्तनातील गाठ पुण्याच्या एखाद्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढली. ती गाठ प्रथम विकृतिशास्त्रज्ञाकडे जाते. निदानासाठी लागणारा भाग फॉर्मॅलिनमध्ये ठेवून नंतर मेणाच्या ठोकळ्यात बसवला जातो. रुग्णाच्या उपचारासाठी जे लागते ते आधी. त्यातून उरले तरच संशोधनासाठी.

उरलेला तुकडा बाईंच्या संमतीने ऊतिपेढीत जातो. रक्तपेढीसारखीच ही कल्पना आहे. तो शक्य तितक्या लवकर गोठवावा लागतो, कारण रक्तपुरवठा तुटताच पेशीतील नाजूक रेणू मोडू लागतात. द्रवरूप नायट्रोजनचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते. त्यात ठेवलेला तुकडा वर्षानुवर्षे टिकतो. त्याच्यावर नाव नसते, सांकेतिक क्रमांक असतो. बरोबर थोडे रक्तही घेतात. गाठीतील जनुके आणि त्याच व्यक्तीच्या रक्तातील जनुके शेजारी ठेवली, की कोणते बदल जन्मतः होते आणि कोणते गाठीत नंतर झाले हे कळते.

मुंबईत टाटा स्मारक केंद्राकडे अशी पेढी आहे. पुण्यात आयसर संस्था आणि प्रशांती कॅन्सर केअर मिशन यांनी मिळून स्तनाच्या कर्करोगाच्या नमुन्यांचे काम चालवले आहे.

परदेशातील नमुने चालणार नाहीत का? काही प्रश्नांसाठी चालतात, काहींसाठी नाही. नेहमीची संप्रेरक-औषधे ज्यावर चालत नाहीत असा स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार भारतीय रुग्णांत पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतो. तंबाखू गालात धरण्याच्या सवयीमुळे होणारा गाल व हिरड्यांचा कर्करोग तर आपल्याकडचाच म्हणावा असा. खारघरची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था आणि पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील जीनोमिक्स संस्था यांनी ५० रुग्णांच्या गाठी व रक्त यांची तुलना केली आणि मग आणखी ६० रुग्णांच्या नमुन्यांवर ताडून पाहिली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आधी माहीत असलेल्या जनुकांखेरीज पाच नव्या जनुकांत वारंवार होणारे बदल आढळले. हे ११० नमुने आपल्याच लोकांचे होते.

संमतीपत्र वाचायला शिकवू या

दुसऱ्या महायुद्धातील अमानुष प्रयोगांनंतर १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता आली, १९६४ मध्ये हेलसिंकीचा जाहीरनामा आला. आपल्या देशात आयसीएमआरने २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत जैविक नमुने आणि पेढ्या यांच्यासाठी वेगळे प्रकरण आहे. त्यानुसार नमुना देणाऱ्याचाच राहतो. संस्था त्याची राखणदार असते. देणाऱ्याला तो परत काढून घेण्याची मुभा असते. नव्या अभ्यासासाठी नीतिसमितीची परवानगी लागते. नमुन्यातून व्यापारी लाभ झाला तर त्याच्या वाटणीचा विचार करावा लागतो.

कागदावर हे सर्व आहे. प्रत्यक्षात संमतीपत्र हाती येते ते शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, जेव्हा रुग्ण आणि नातेवाईक भीतीने गांगरलेले असतात. ‘सही करा’ म्हटले की सही होते. अशी सही हेन्रिएटाच्या वेळच्या परिस्थितीपेक्षा फार वेगळी नाही. उलट, काही जण भीतीपोटी नाही म्हणतात. आपण नाही म्हटले तर उपचार मिळणार नाहीत, किंवा संशोधनासाठी जास्तीची गाठ कापतील, अशा दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पण त्या दूर करायला रुग्णालयातील तो दिवस फार उशिराचा असतो.

हे काम शाळेत आधीच होऊ शकते. आठवी-नववीला पेशी शिकवताना एक तास यासाठी द्यावा. विद्यार्थ्यांना साधे मराठी संमतीपत्र लिहायला सांगावे: नमुना कोणता, कशासाठी, कोठे राहील, नाव गुप्त कसे राहील, मागे घ्यायचा असेल तर काय करायचे, आणि नाही म्हटले तर उपचारात काही फरक पडेल का. ते पत्र मुलांनी घरी आजीला किंवा शेजारच्या काकूंना वाचून दाखवावे आणि त्यांना काय समजले नाही ते लिहून आणावे. जे समजले नाही ते वाक्य मुलांनीच पुन्हा सोपे करून लिहावे.