मिठागरातला खाऊ

वऱ्हाडातल्या नांदगाव पेठेहून समुद्र पाचशे किलोमीटरांच्या पलीकडे. तरी इथल्या एखाद्या बैठकीच्या खोलीत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी मांडता येते, कारण पाण्यात कालवायचं मीठ आणि माशांचा जिवंत खाऊ, दोन्ही कोरडं मिळतं. मिठाचा विषय निघाला की वऱ्हाडी माणूस विचारणारच, आपल्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी का नाही चालत? पूर्णेच्या खोऱ्यातलं ते पाणी खारं खरं, पण त्यातल्या क्षारांचा मेळ समुद्राचा नाही, आणि प्रवाळाला तोच मेळ लागतो.

खाऊची कुळकथा मात्र मिठागरातच सुरू होते. हा खाऊ म्हणजे आर्टेमिया, कोळंबीचा लांबचा भाऊबंद, जेमतेम सेंटिमीटरभर. १७५५ मध्ये श्लोसर यांनी तो इंग्लंडमधल्या लिमिंग्टनच्या मिठागरांत पाहिला, तीनच वर्षांनी लिनिअसने त्याला शास्त्रीय नाव दिलं. मासे पाळणाऱ्यांच्या कामी तो फार उशिरा आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे प्रमुख ॲल्विन सील यांनी माशांचं जिवंत खाद्य म्हणून त्याच्यावर १९३३ मध्ये लिहिलं. आपल्याकडे मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडलं आणि १९५३ मध्ये सी. व्ही. कुलकर्णी यांनी वडाळ्याच्या मिठागरांत आर्टेमिया असल्याची नोंद केली. दुकानातल्या डब्यातली अंडी मात्र बहुतेक वेळा अमेरिकेतल्या युटामधल्या खाऱ्या सरोवराची असतात. वडाळ्याच्या वाट्याला तो व्यापार आला नाही, याची मला तरी चुटपुट लागते.

हा जीव डब्यात भरता येतो तो त्याच्या दुष्काळी स्वभावामुळे. पाणी आटू लागलं, खारटपणा वाढला की मादी पिल्लांऐवजी कडक कवचाची अंडी घालते. आतला गर्भ वाढायचा थांबतो आणि कोरडा राहिला तर कित्येक वर्षं तग धरतो. खारं पाणी, हवेचे बुडबुडे, उजेड आणि अठ्ठावीस अंशांच्या आसपासची ऊब मिळाली की साधारण चोवीस तासांत अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, नारिंगी पिल्लं बाहेर पडतात. ती उजेडाकडे धावतात. रिकामी कवचं वर तरंगतात. पिल्लं लगेच खाऊ घालावीत, कारण सुरुवातीला त्यांचं तोंडच उघडलेलं नसतं, ती अंगातल्या बलकावर जगतात आणि तासातासाला कस कमी होत जातो.

मग टाकीपुढे बसून बघावं. मँडरिन मासा कोरड्या गोळ्यांकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. खाऊ हलला की त्याचे डोळे फिरतात, तो क्षणभर थबकतो आणि टिपतो. नवा मासा खातो की नुसता तोंडात घेऊन थुंकतो, हेही तेव्हाच कळतं. दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच टाकावं.

वऱ्हाडच्या मे महिन्यात अंडी उबवायला हीटर लागत नाही, टाकीला मात्र पाणी गार ठेवणारा चिलर लागतो. वीज गेली की गावालगतच्या औष्णिक वीज केंद्राचा माशांना काही उपयोग नसतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप एप्रिलातच आणून ठेवावा.